पॅरिसचं लेझँव्हालीद: जायबंदी सैनिकांचं घर, नेपोलियनचं थडगं आणि म्युझियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पॅरिसमध्ये राहायला लागून बरीच वर्षं झाली आणि भारतातून कोणीही आलं की आयफेल टॉवर झाल्यावर "ते सोनेरी घुमटवालं काय आहे गं?" हा प्रश्न येतोच. दरवेळी तेच सांगत बसते, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. माझी सगळ्यात लाडकी जागा आहे ही, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, समजून घ्या.

नाव नक्की कसं म्हणायचं?

लेझँव्हालीद. पूर्ण नाव ओतेल दे-झँव्हालीद. इथलं 'ओतेल' म्हणजे राहायचं हॉटेल नाही हो, जुन्या फ्रेंचमध्ये मोठ्या वाड्याला किंवा सरकारी इमारतीला ओतेल म्हणतात. आणि अँव्हालीद म्हणजे जायबंदी, लढाईत हातपाय गमावलेले. थोडक्यात जायबंदी सैनिकांचा वाडा.

पण तिथे तर नेपोलियन पुरलाय ना? मग सैनिकांचा वाडा कसला?

सगळे इथेच फसतात. नेपोलियन आला १८४० मध्ये, वाडा बांधला गेला त्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी, आणि तो बांधला साध्या शिपायांसाठी. टूरवाले बस दारात थांबवतात, घुमटाखाली नेऊन थडगं दाखवतात, फोटो काढायला वीस मिनिटं देतात आणि बाहेर काढतात. माझी मावशी आली होती तेव्हा तिच्या ग्रुपला असंच नेलं, तिला बिचारीला कळलंही नाही की मागच्या बाजूला अख्खं गाव वसावं एवढी इमारत आहे आणि त्यात आजही माणसं राहतात. मला फार वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी मी तिला परत घेऊन गेले.

मग बांधलं कोणी आणि कधी?

फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने. हुकूम निघाला १६७० मध्ये, काम सुरू झालं १६७१ ला आणि पहिले सैनिक राहायला आले ऑक्टोबर १६७४ मध्ये. आपल्याला साल पटकन लक्षात राहावं म्हणून सांगते, १६७० म्हणजे तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले ते वर्ष, आणि १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यानंतर चार महिन्यांनी इकडे पहिला लंगडा शिपाई या दारातून आत आला. मी जेव्हा जेव्हा त्या दारातून जाते तेव्हा हे आठवतंच.

आर्किटेक्ट होता लिबेराल ब्र्युआँ. नंतर झ्यूल आर्दुआँ-माँसार आला, त्याने सैनिकांचं चर्च पूर्ण केलं आणि पुढचा मोठा घुमट उभा केला. घुमटाचं काम मात्र रखडत रखडत १७०६ पर्यंत चाललं. उंची १०७ मीटर, म्हणजे साडेतीनशे फूट. वरचं सोनं शेवटचं १९८९ मध्ये नव्याने चढवलं, राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली म्हणून, आणि त्याला साधारण १२ किलो सोनं लागलं. ऐकून वाटतं एवढंच? पण सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की तेवढ्यात भागतं.

त्याच्या आधी म्हाताऱ्या किंवा जखमी सैनिकांचं काय व्हायचं?

हाल. दुसरा शब्द नाही. लढाई संपली की पलटण मोडायची, धडधाकट माणूस काहीतरी काम शोधायचा, पण ज्याचा पाय गेलाय तो काय करणार? पॅरिसच्या पुलांवर भीक मागायचे, काही जण चोऱ्यामाऱ्या करायचे, आणि राजाची जुनी वर्दी अंगावर असलेला माणूस भीक मागतोय हे राजाच्या अब्रूलाही बरं दिसत नव्हतं. काहींना मठांमध्ये ठेवायची जुनी पद्धत होती, म्हणजे मठाने एका जखमी शिपायाला जेवूखाऊ घालायचं, पण आयुष्य छावणीत गेलेला माणूस आणि पहाटे उठून प्रार्थना करणारे साधू यांचं कुठून जमणार, मठवाले पण वैतागायचे आणि सैनिक पण पळून जायचे. आधीचा राजा चौथ्या आँरीने प्रयत्न केला होता, नंतर तेराव्या लुईचा मंत्री रिशल्यूने पण केला, पण दोन्ही टिकले नाहीत. लुईने मोठ्या प्रमाणावर केलं आणि पैशाची कायमची सोय लावली म्हणून ते टिकलं.

दयेपोटी केलं की स्वार्थापोटी असंही लोक विचारतात. मला वाटतं दोन्ही. त्याला सतत लढाया करायच्या होत्या, आणि मागून आपल्याला कोणी बघणारं आहे हे शिपायाला माहीत असलं तरच तो पुढे जाणार ना. पण कारण काहीही असो, डोक्यावर छप्पर मिळालं ते खरं होतं.

पैसा कुठून आला?

युद्धखात्यातून जी रक्कम बाहेर जायची तिच्यातून थोडीशी कपात करायची आणि ती इकडे वळवायची. शिवाय मठांकडून सैनिकांच्या नावाने जो पैसा येणं होता तोही इकडेच आणला.

आत राहणं कसं होतं? वृद्धाश्रमासारखं?

वृद्धाश्रम, छावणी, मठ आणि कारखाना हे चारही एकत्र कल्पून बघा. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे चार हजारांपर्यंत माणसं राहत होती! सैनिकांच्या कंपन्या पाडलेल्या, गस्त, हजेरी, ढोल वाजला की जेवायला. साधे शिपाई एका खोलीत चारपाच-सहा जण, अधिकाऱ्यांना जरा मोकळी खोली. जेवणाचे चार मोठे हॉल होते, भिंतींवर लुईच्या लढायांची चित्रं रंगवलेली, म्हणजे ज्या लढाईत आपला हात गेला तीच समोर बघत सूप प्यायचं. जेवणात मांस आणि वाईन असायची, आणि कोणी नियम मोडला तर वाईन बंद करून सगळ्यांसमोर नुसत्या पाण्यावर बसवायचे. फ्रेंच माणसाला याहून मोठी शिक्षा नसावी असं मला इथे राहून खरंच पटलंय.

ज्यांना जमेल त्यांनी काम करायचं. चपला-बूट बनवायचे, मोजे विणायचे, टेपेस्ट्री करायचे. एक वर्कशॉप तर सुंदर हस्ताक्षरात पोथ्या लिहून त्यावर सोनेरी-रंगीत नक्षी काढायचं होतं, आणि तिथे बनलेले प्रार्थनेचे ग्रंथ थेट व्हर्सायला जायचे. तलवार धरलेल्या हातांनी इतकं नाजूक काम केलं हे मला फार भारी वाटतं.

१७१७ मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेट पॅरिसला आला तेव्हा हट्टाने इथे आला, सैनिकांचं सूप चाखलं, त्यांच्या तब्येतीच्या नावाने वाईन प्यायला. लंडनचं चेल्सी आणि डब्लिनचं किलमेनहॅम ही इंग्रजांची सैनिकांची घरं हेच मॉडेल बघून निघाली.

अंगणात लांडगा आहे म्हणे?

आहे! मोठ्या चौकात, ज्याला कूर दोनर म्हणतात, उभं राहा आणि पूर्वेकडच्या छपराच्या गोल खिडक्या एकेक करून बघा. प्रत्येकीभोवती दगडात ढाली, भाले, शिरस्त्राणं कोरलेली आहेत. त्यातल्या एका खिडकीला वरून एक लांडगा मिठी मारून बसलाय, पुढचे पंजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि नजर खाली चौकात. सगळं काम ज्याने रेटून करून घेतलं तो युद्धमंत्री होता लुव्हुआ. फ्रेंचमध्ये 'लू' म्हणजे लांडगा आणि 'व्हुआ' म्हणजे बघतो. लू व्हुआ, लांडगा बघतोय. स्वतःचं नाव उघड कोरता आलं नाही म्हणून ही युक्ती अशी गोष्ट सांगतात. माझ्या भाच्याने पहिल्यांदा शोधला तेव्हा इतक्या जोरात ओरडला की पहारेकरीसुद्धा हसायला लागला.

बटाट्याचा आणि या जागेचा काय संबंध?

हा प्रश्न कमी लोक विचारतात पण मला आवडतो. फ्रान्सला बटाटा खायला शिकवणारा पारमाँतिए हा १७६६ पासून इथला औषधवाला होता. युद्धात प्रशियाच्या कैदेत असताना त्याला बटाटे खाऊन जगावं लागलं होतं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते बसलेलं. इथला दवाखाना आणि औषधं नन्स सांभाळायच्या, त्याला वरची पोस्ट मिळाल्यावर त्या बिथरल्या, आणि शेवटी त्याचा पगार आणि खोली चालू पण काम काढून घेतलं असा तोडगा निघाला. मग वेळच वेळ, आणि तो पूर्णवेळ बटाट्याच्या मागे लागला.

१४ जुलै १७८९ ला इथे काय झालं?

राज्यक्रांतीत लोकांनी फोडलेला बास्तीयचा तुरुंग सगळ्यांना माहीत असतो, पण लोक बास्तीयला गेले ते रिकाम्या हाताने नाही. त्या दिवशी सकाळी जमाव आधी इथे आला, तळघरातून सुमारे ३० हजार बंदुका उचलल्या, तोफाही नेल्या. दारूगोळा मात्र इथे नव्हता, तो होता बास्तीयमध्ये, म्हणून मग तिकडे मोर्चा वळला. इथले म्हातारे सैनिक जमावावर तोफा डागायला तयार नव्हते.

नेपोलियनचं आणि या घराचं नातं कधीपासून?

जिवंत असल्यापासून. सत्तेत आल्यावर त्याने १८०० मध्ये चौदाव्या लुईचा सेनापती मार्शल त्युरेनचे अवशेष इथे आणवले, नंतर किल्ले बांधणाऱ्या व्होबाँचं हृदय आणवलं, म्हणजे घराचं स्मारक व्हायला सुरुवात त्यानेच केली. लेजियाँ दोनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान, त्याचं पहिलं वाटप जुलै १८०४ मध्ये इथल्याच चर्चमध्ये झालं.

१८१४ मध्ये शत्रूच्या फौजा पॅरिसच्या वेशीवर आल्या तेव्हाचा प्रसंग मात्र अंगावर काटा आणतो. या घराचा गव्हर्नर होता मार्शल सेर्युरिए. चर्चमध्ये शत्रूकडून जिंकून आणलेले चौदाशेच्या वर झेंडे टांगलेले होते, ते परत त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ३० मार्चच्या रात्री त्याने चौकात होळी पेटवून ते जाळले, आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटची तलवारही त्याच आगीत टाकली. हे झेंडे आणताना ज्यांचे हातपाय गेले तेच म्हातारे भोवती उभे राहून बघत होते. आज चर्चमध्ये वर जे झेंडे दिसतात ते त्यातून वाचलेले आणि नंतरचे.

मग त्याचं शव कधी आलं?

नेपोलियन ५ मे १८२१ ला सेंट हेलेना बेटावर इंग्रजांच्या कैदेत वारला, तिथेच पुरला. मृत्युपत्रात त्याची इच्छा होती की सीन नदीच्या काठी फ्रेंच लोकांमध्ये आपल्याला ठेवावं. एकोणीस वर्षांनी राजा लुई-फिलीपने मुलाला जहाज घेऊन पाठवलं आणि १५ डिसेंबर १८४० ला, कडाक्याच्या थंडीत, शवपेटी इथे पोचली. तेव्हा गव्हर्नर होता मार्शल मोंसे, नेपोलियनच्याच काळातला, वय ८६, आजारी, उठवत नव्हतं, पण सम्राट येईपर्यंत मला जगवा असं डॉक्टरांना सांगत होता म्हणे. खुर्चीतून आणला, समारंभ संपल्यावर म्हणाला, चला, आता घरी जाऊन मरूया. पुढच्या दीडएक वर्षात तो गेलाच.

थडगं तयार व्हायला अजून वीस वर्षं लागली. आर्किटेक्ट व्हिस्कोंतीने घुमटाखालची जमीनच खोदून गोल खड्डा केला, त्यामुळे आपण वरून कठड्याला रेलून खाली बघतो. थडग्याचा लाल दगड रशियाचा, खालचा हिरवा ग्रॅनाइट फ्रान्समधल्या व्होजचा. आत एकात एक सहा पेट्या आहेत, पत्रा, महोगनी, दोन शिशाच्या, आबनूस आणि ओक. शव त्यात ठेवलं ते २ एप्रिल १८६१ ला. व्हिस्कोंतीला ते बघायला मिळालं नाही, तो १८५३ मध्येच गेला होता.

म्युझियम कधी झालं? आणि मग सैनिकांना बाहेर काढलं का?

काढलं नाही, हळूहळू कमी झाले. पेन्शनची व्यवस्था सुधारली तशी माणसं आपल्या गावी, आपल्या माणसांत राहणं पसंत करायला लागली, कोणाला आवडेल हो सत्तरीत ढोलावर उठायला. खोल्या रिकाम्या पडत गेल्या आणि १८७१ मध्ये तोफखान्याचं म्युझियम इथे आलं, १८९६ मध्ये सैन्याच्या इतिहासाचं दुसरं सुरू झालं, आणि १९०५ मध्ये दोन्ही एकत्र करून आजचं म्युझे द लार्मे झालं. आज संग्रहात पाच लाखांच्या आसपास वस्तू आहेत. जुन्या जेवणाच्या हॉलमध्ये चिलखतं ठेवलीत, बघताना भिंतीवरची चित्रं चुकवू नका, ती त्याच सूपवाल्या हॉलची आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या विभागात एक रेनॉ टॅक्सी आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन पॅरिसजवळ आले तेव्हा शहरातल्या टॅक्स्या याच इमारतीसमोरच्या मैदानात गोळा केल्या आणि सैनिकांना मार्नच्या आघाडीवर सोडलं, त्यातली ही.

किल्लेप्रेमी आहोत, आमच्यासाठी काही?

अरे, तुमच्यासाठी तर खजिना आहे. वरच्या माळ्यावर प्लाँ-रिलीफचं वेगळं म्युझियम आहे. लुव्हुआने १६६८ पासून फ्रान्सच्या तटबंदीच्या शहरांची मॉडेल्स करून घ्यायला सुरुवात केली, लाकूड, कागद, रेशीम, वाळू वापरून, आणि बहुतेक ६०० ला १ या प्रमाणात, म्हणजे जमिनीवरचे सहाशे फूट इथे एका फुटात. १७७७ पासून ती या माळ्यावर आहेत. काही मॉडेल्स आपल्या हॉलपेक्षा मोठी आहेत, त्यात प्रत्येक घर, झाड, बुरूज, खंदक. अंधारलेल्या खोलीत काचेमागे हळू दिव्यात दिसतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्या चाळीतला दिवाळीचा किल्ला आठवला, माती, पोती, हळीव पेरलेलं, वर मावळे, आणि डोळ्यात पाणीच आलं. फरक इतकाच की ही मॉडेल्स लष्करी गुपित होती, शत्रूच्या नजरेला पडू द्यायची नाहीत अशी.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं?

जून १९४० मध्ये हिटलर पॅरिसला धावती भेट द्यायला आला तेव्हा नेपोलियनच्या थडग्यावर आला होता, आणि त्याच डिसेंबरात त्याने नेपोलियनच्या मुलाचे अवशेष व्हिएन्नाहून इथे पाठवले. फ्रेंच लोकांना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही, त्या हिवाळ्यात त्यांना कोळसा हवा होता. पण याच इमारतीत, जर्मनांच्या नाकाखाली, इथे नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाने पाडलेल्या विमानांतले दोस्त राष्ट्रांचे वैमानिक लपवले होते. १९४४ मध्ये कुटुंबाला पकडलं, वडील छावणीतून परत आले नाहीत.

आजही खरंच सैनिक राहतात?

हो. साडेतीनशे वर्षांत हे काम थांबलेलं नाही. संस्थेचं नाव आँस्तित्युसियाँ नासियोनाल दे-झँव्हालीद, राहणारे शंभराच्या आत आहेत, आणि जोडीला हॉस्पिटल, रिहॅबिलिटेशन, कृत्रिम अवयव आणि व्हीलचेअरवर काम चालतं. युद्धात जायबंदी झालेले, छळछावण्यांतून वाचलेले, प्रतिकार चळवळीतले, त्यात बायकाही. २०१५ च्या पॅरिस हल्ल्यातले जखमीही इथे उपचारासाठी होते, दहशतवादाच्या बळींना इथे जागा आहे.

जनरल द गॉलने दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांपासून सोडवण्याच्या लढ्यासाठी जो सन्मान सुरू केला होता तो एक हजार ३८ जणांना मिळाला, त्यातले शेवटचे ह्युबेर झेरमॅं हे इथेच राहत होते आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १०१ व्या वर्षी इथेच गेले. त्यांच्या सन्मानाचं म्युझियमही याच इमारतीत आहे.

एकदा मार्चमध्ये दुपारी मी चौकात बसले होते, शाळेची पोरं धावत होती, आणि कडेच्या कमानींखालून एक आजोबा व्हीलचेअरवर आले, मांडीवर घोंगडी, कोटाला पदकांची पट्टी. नर्स ढकलत होती. एक पोरगा धावता धावता समोर आला आणि थबकला. आजोबांनी दोन बोटं कपाळाला लावून सलाम केला, पोराने पण केला, आणि ते पुढे गेले. तेव्हापासून मला ही जागा म्युझियम वाटतच नाही.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि पुणेकरांनाही कित्येकदा माहीत नसतं. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून, मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले सैनिक तिथे राहतात, खेळतात, कामं करतात. आणि खडकीचंच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हातात कला देण्यासाठी सुरू झालं. जुनं बघायचं तर अफझलखानाच्या लढाईनंतर महाराजांनी जखम बघून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिलं, पडलेल्यांच्या मुलांना चालवलं, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं अशी नोंद सभासद बखरीत आहे. ते १६५९, म्हणजे लुईच्या हुकुमाच्या अकरा वर्षं आधी.

काही मराठी कनेक्शन?

इमारतीशी थेट नाही, पण अवतीभवती आहे. १४ जुलै २००९ ला पॅरिसच्या परेडमध्ये भारतीय तुकडी पुढे होती आणि त्यात आपली मराठा लाइट इन्फन्ट्री चालली, नदीच्या पलीकडे शाँझेलिझेवर. आणि जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले ती युनेस्कोची बैठक इथून चालत जाण्याच्या अंतरावर झाली. लेझँव्हालीद स्वतः सीनच्या काठांबरोबर १९९१ पासून त्याच यादीत आहे.

मुलं कंटाळतील का?

नाही, त्यांना व्हिझीर दाखवा. नेपोलियनचा खराखुरा घोडा, तुर्कस्तानच्या सुलतानाने दिलेला, पेंढा भरून काचेत उभा आहे, मांडीवर मुकुटासह एन हे अक्षर डागलेलं. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून त्याची डागडुजी केली. आणि लांडगा आहेच.

कसं जायचं, किती वेळ लागतो?

मेट्रो ८ ने ला तूर-मोबूर किंवा १३ ने व्हारेन. सकाळी १० ते ६, पण १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. चौकात राष्ट्रीय श्रद्धांजलीचा समारंभ असेल तर काही भाग बंद ठेवतात, आधी वेबसाइट बघून घ्या. तिकीट थडगं आणि म्युझियम दोन्हीला एकच, चौकात जायला तिकीट लागत नाही. नीट बघायला अर्धा दिवस हवा.

आमच्याकडे फक्त अर्धा तास आहे, मग?

मग थडगं सोडा, ते फोटोत तसंच दिसतं. नदीकडच्या, तोफा ठेवलेल्या दाराने आत या, चौकात उभं राहून लांडगा शोधा, आणि वरच्या गॅलरीत जायला मिळालं तर दगडी कठड्यावरून हात फिरवा. राहणाऱ्या सैनिकांनी वेळ जात नाही म्हणून चाकूने कोरलेल्या खुणा आहेत तिथे, नावं आहेत, एक टाचेचा बूट पण आहे.